छांबची ती संध्याकाळ आणि 'फ्लाइंग डॅगर्स'

लढाऊ विमानांच्या तुकड्यांचा इतिहास बहुधा विजयांच्या नोंदींनी लिहिला जातो. भारतीय हवाई दलाच्या ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे 'फ्लाइंग डॅगर्स'चा इतिहास मात्र एका संध्याकाळी झालेल्या हानीमुळे अधिक लक्षात राहतो. १ सप्टेंबर १९६५ रोजी या स्क्वाड्रनने चार विमाने गमावली. त्या संध्याकाळचा हिशेब मांडला, की कालबाह्य यंत्रांची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते, हे स्पष्ट होते.

ही स्क्वाड्रन १९५९ साली उभी राहिली. तिच्या वाट्याला आले ते 'व्हॅम्पायर' हे ब्रिटिश बनावटीचे जेट विमान. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, या विमानाने पहिले उड्डाण केले होते. त्याच्या पुढच्या भागाचा सांगाडा चक्क लाकडी होता आणि शेपूट दोन लांब दांड्यांवर पेललेले होते. १९४८ साली ते भारतात आले तेव्हा आपल्या हवाई दलाने जेट युगात पाऊल टाकले. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात परवान्याने त्याची निर्मितीही झाली. चालवायला सुलभ आणि वीस मिलिमीटरच्या चार तोफांनी सज्ज असलेले हे विमान त्या काळी अभिमानाचा विषय होते. परंतु विमानांच्या जगात पंधरा वर्षे म्हणजे एक पिढी. पाकिस्तानला अमेरिकेकडून 'सेबर' विमाने मिळाली आणि मागे झुकलेल्या पंखांच्या या वेगवान विमानांपुढे व्हॅम्पायर म्हातारे ठरले.

गोव्याच्या आकाशात

स्क्वाड्रनची पहिली मोहीम आपल्या शेजारची. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीसाठी 'ऑपरेशन विजय' सुरू झाले. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाताखाली हवाई कारवाईची सूत्रे पुणे आणि बेळगावजवळील सांबरा या तळांवरून हलत होती. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा 'कॅनबेरा' विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, अशी सक्त आज्ञा होती व ती पाळली गेली. सहा 'हंटर' विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले.

४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे काम होते ते पायदळाला साह्य करण्याचे. प्रत्यक्षात पायदळाकडून मदतीची हाक आलीच नाही आणि व्हॅम्पायर आकाशात गस्त घालत राहिले. मात्र याच मोहिमेत दोन व्हॅम्पायरनी डागलेली रॉकेटे चुकून आपल्याच शीख लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांवर पडली व दोघे जखमी झाले. दुसरीकडे आपल्याच सैनिकांनी हवाई दलाच्या एका 'टेक्सन' विमानावर गोळीबार केला. विजयाच्या आनंदात या घटना विसरल्या गेल्या. जमिनीवरचा सैनिक आणि आकाशातला वैमानिक यांच्यात नीट संपर्क नसला, तर शत्रू-मित्राची ओळख पटत नाही, हा धडा त्यात होता. चार वर्षांनी तो पुन्हा गिरवावा लागला.

दिल्लीतील निर्णय

१ सप्टेंबर १९६५च्या पहाटे पाकिस्तानने छांब क्षेत्रात 'ऑपरेशन ग्रँड स्लॅम' सुरू केले. चिनाब नदीवरील अखनूरचा पूल जिंकायचा आणि जम्मू-काश्मीरची रसद तोडायची, असा डाव होता. पाकिस्तानच्या 'पॅटन' रणगाड्यांसमोर आपल्याकडे होते ते हलके 'एएमएक्स' रणगाडे, आणि तेही संख्येने फार थोडे. दुपारपर्यंत परिस्थिती बिकट झाली.

१९६२च्या चीन युद्धात सरकारने लढाऊ विमाने वापरलीच नव्हती. त्या पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे ज्यांच्याविषयी महाराष्ट्र आजही म्हणतो, ते यशवंतराव चव्हाण १९६५ साली संरक्षणमंत्री होते. लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग दुपारी चारच्या सुमारास त्यांना भेटले. विमाने धाडली, तर काश्मीरपुरता असलेला संघर्ष व्यापक युद्धाचे रूप घेण्याचा धोका होता. न धाडली, तर अखनूर हातचे जाण्याची भीती. चव्हाणांनी तेथल्या तेथे परवानगी दिली.

मात्र आता दिवस मावळायला फारसा वेळ उरला नव्हता. रणक्षेत्राच्या जवळचा तळ पठाणकोटचा आणि तेथे तयार होती ती 'मिस्टियर' व व्हॅम्पायर विमाने. सायंकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी पहिल्या विमानांनी उड्डाण केले. पहिल्या चार व्हॅम्पायरचे नेतृत्व स्क्वाड्रनचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर एस. के. दहार यांच्याकडे होते.

चार विमाने, तीन वैमानिक

सूर्य क्षितिजाला टेकत आलेला, रणगाड्यांनी उडवलेली धूळ हवेत दाटलेली. अशा वेळी खाली उतरून रणगाड्यांवर रॉकेटे डागायची, तर वेग कमी आणि उंचीही कमी. जमिनीवरून विमानविरोधी तोफांचा मारा होत होता. तेवढ्यात पाकिस्तानची दोन सेबर विमाने वरून झेपावली. त्यांचे वैमानिक होते स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी आणि फ्लाइट लेफ्टनंट इम्तियाज भट्टी. पुढच्या काही मिनिटांत चार व्हॅम्पायर पडली. ही चारही विमाने या दोघांनी पाडली, असे पाकिस्तानी नोंदी सांगतात. त्यांपैकी एक जमिनीवरील तोफांना बळी पडले, असे भारतीय अभ्यासक मानतात. फ्लाइट लेफ्टनंट भागवागर, जोशी आणि भारद्वाज यांना वीरमरण आले. फ्लाइट लेफ्टनंट पाठक हवाई छत्रीच्या साह्याने उतरून बचावले.

व्हॅम्पायरपाठोपाठ गेलेल्या मिस्टियर विमानांनी मारा चालू ठेवला. पाकिस्तानच्या रणगाड्यांची व वाहनांची हानी झाली. परंतु संधिप्रकाशात आणि संपर्काच्या अभावी काही मारा आपल्याच ठाण्यांवर व वाहनांवर झाला. गोव्यात दोन जखमींवर निभावले होते; येथे त्याच त्रुटीने मोठे रूप घेतले.

मग हा हल्ला व्यर्थ होता का? तसे म्हणता येणार नाही. दिवसभर एकाकी झुंजणाऱ्या सैनिकांना आपली विमाने डोक्यावर दिसली आणि हवाई दल या युद्धात उतरल्याचे पाकिस्तानला कळले. २ सप्टेंबरला पाकिस्तानने मोहिमेचा सेनापती बदलला व त्यात मोलाचा वेळ दवडला. अखनूर अखेरपर्यंत आपल्याच हाती राहिले. त्याचे श्रेय एकट्या हवाई हल्ल्याला देणे अतिशयोक्तीचे ठरेल; पण संकटात सापडलेल्या सैन्याला त्या संध्याकाळी हाताशी असलेली हीच मदत पाठवता येत होती.

हवाई दलाने त्याच रात्री धडा घेतला. व्हॅम्पायर विमाने आघाडीवरून मागे घेण्यात आली. ३ सप्टेंबरला मिस्टियरना आमिष म्हणून पुढे करून त्यांच्याआड चिमुकली 'नॅट' विमाने धाडण्यात आली आणि सेबर अजिंक्य असल्याचा समज ओसरू लागला.

नवी यंत्रे, जुना प्रश्न

पुढे ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'मिग-२१' हे स्वनातीत विमान मिळाले. आपल्या नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना याच विमानासाठी उभारला गेला. १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलच्या युद्धानंतर काही आठवड्यांतच, कच्छमधील नालियाच्या तळावरून निघालेल्या या स्क्वाड्रनच्या मिगने पाकिस्तानी नौदलाचे 'अटलांटिक' विमान पाडले. त्यातील सोळाही जण मृत्युमुखी पडले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पण २१ जून २००० रोजी न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचा निर्णय दिला.

काही वर्षे निष्क्रिय राहिल्यानंतर १ जुलै २०१६ रोजी बंगळुरू येथे ही स्क्वाड्रन पुन्हा उभी राहिली. स्वदेशी 'तेजस' विमान मिळालेली ती पहिली स्क्वाड्रन. तेव्हा तिच्याकडे विमाने होती अवघी दोन. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि ४२ स्क्वाड्रन मंजूर असलेल्या हवाई दलाकडे २९ उरल्या. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझर येथे तयार झालेल्या सुधारित तेजसने आकाशात झेप घेतली.

विमाने वेळेवर मिळणे वा न मिळणे हा कागदावर अर्थसंकल्पाचा आणि कारखान्याच्या वेळापत्रकाचा विषय असतो. १९६५ सालीही तो तसाच होता. छांबच्या संध्याकाळी भागवागर, जोशी आणि भारद्वाज यांच्यापुढे तो तसा नव्हता. आपले विमान जुने आहे, हे ठाऊक असूनही ते निघाले. त्यांच्या शौर्याचा गौरव करताना, तशी वेळ पुन्हा कोणत्याही वैमानिकावर येऊ नये, याची जबाबदारी मात्र आपल्या सर्वांची आहे.