मज्जारज्जु आणि मूत्राशय

वर्गांत एखाद्या मुलाचे कपडे ओले झाले, तर इतर मुलें हंसतात, शिक्षक रागावतात, आणि घरीं आईबाप त्याला आळशी किंवा भित्रा ठरवून मोकळे होतात. पुष्कळ वेळां हें दुखणें वाढत्या वयाबरोबर आपोआप नाहींसें होतें, हें खरें. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत दोष स्वभावाचा नसतो आणि मूळचा मूत्राशयाचाहि नसतो. तो असतो पाठीच्या कण्यांत. विषय थोडा संकोचाचा आहे; पण संकोचामुळेंच अशा विकाराचें निदान वर्षानुवर्षें लांबत असल्यामुळें त्याविषयीं उघड लिहिलेलेंच बरें.

आपलीं मूत्रपिंडें रात्रंदिवस रक्त गाळून मूत्र तयार करीत असतात. तें दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयांत उतरतें. मूत्राशय ही नुसती पिशवी नव्हे. तिच्या भिंती स्नायूंच्या आहेत, आणि तिचें तोंड आवळून धरणारा दुसरा एक स्नायु आहे. मूत्र सांठत असतांना भिंती सैल राहतात व तोंड आवळलेलें असतें. विसर्जनाच्या वेळीं भिंती आकुंचन पावतात व तोंड सैल पडतें. एकानें आवळावें तेव्हां दुसऱ्यानें सैल व्हावें, असा हा करार आहे. मात्र तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा अधिकारी मूत्राशयांत राहत नाहीं. तो मेंदूच्या बुडाशीं बसलेला असतो, आणि त्याचे हुकूम मज्जारज्जूंतून खालीं जातात.

मज्जारज्जु म्हणजे मणक्यांच्या पोकळींतून उतरणारा मज्जातंतूंचा दोर. तो साधारण करंगळीएवढा जाड व मोठ्या माणसांत सुमारें ४५ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या अगदीं शेवटच्या भागांत मूत्राशयाची स्थानिक कचेरी आहे. नवल असें, कीं हा दोर कण्याइतका लांब नाहीं. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशींच तो संपतो, आणि त्यापुढें घोड्याच्या शेपटीसारखा तंतूंचा झुबका तेवढा खालीं जातो. म्हणून मूत्राशय ओटीपोटांत असला तरी त्याची कचेरी छाती व कंबर जेथें मिळतात त्या ठिकाणीं असते. झाडावरून किंवा परांचीवरून पडलेल्या माणसाचा कणा पुष्कळदां नेमका तेथेंच मोडतो.

इजा या कचेरीच्या वर, म्हणजे मानेंत किंवा पाठींत, झाली तर आरंभीं कांहीं दिवस किंवा आठवडे मूत्राशय निपचित पडतो. पुढें स्थानिक कचेरी जागी होते; पण वरचे हुकूम तिला पोहोंचत नाहींत. थोडें मूत्र सांठतांच भिंती आवळतात, आणि त्याच क्षणीं तोंडहि आवळतें. करार मोडला! बंद दारावर आंतून धडका बसाव्या तसा दाब वाढतो. थोडें मूत्र अवेळीं बाहेर पडतें, उरलेलें आंतच राहतें, आणि तो दाब उलट मूत्रपिंडांपर्यंत जाऊन भिडतो. इजा प्रत्यक्ष कचेरीवर किंवा खालच्या झुबक्यावर झाली, तर प्रकार निराळा. मूत्राशय ढिला पडून भरतच जातो, आणि काठोकाठ भरलेल्या घागरीप्रमाणें ठिबकूं लागतो. पाहणाऱ्यास वाटतें, मूत्र फार होत आहे. वस्तुतः तें पुरतें बाहेर पडतच नसतें. दोन्ही प्रकारांत सांचलेल्या मूत्रांत जंतु वाढतात, वारंवार ताप येतो, खडे धरतात, आणि उपेक्षा झाल्यास शेवटीं मूत्रपिंडें निकामी होतात.

प्राचीन मिसर देशांतील एका वैद्यकीय हस्तलिखितांत मानेचा मणका सरकलेल्या मनुष्याचें वर्णन आहे. त्याला हातापायांचें भान नाहीं व मूत्र नकळत ठिबकतें असें लिहून, या व्याधीवर उपचार करूं नये, असा निर्णय दिला आहे. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं उतरून घेतलेली ही प्रत. पण पहिल्या महायुद्धापर्यंत त्या निर्णयांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. कणा मोडलेले बहुतेक सैनिक पाठीवरील जखमांनीं किंवा मूत्रमार्गाच्या विषबाधेनें दगावत. हें चित्र पालटण्यांत मोठा वाटा लुडविग गुटमान यांचा. जर्मनींतील ज्यूंच्या छळामुळें सन १९३९ मध्यें इंग्लंडांत आलेल्या या डॉक्टरांनीं सन १९४४ मध्यें स्टोक मँडव्हिल येथें कण्याच्या रोग्यांसाठीं खास विभाग उघडला. दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलणें आणि ठराविक वेळीं निर्जंतुक नळीनें मूत्राशय रिता करणें, हा त्यांचा आग्रह असे. पुढें याच रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांतील रोग्यांचे सामने सुरू झाले, आणि त्यांतूनच पॅरालिंपिक क्रीडा जन्मास आल्या, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु तिरंदाजीस हात उचलण्यापूर्वीं मूत्रपिंडें वांचवावीं लागलीं, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो.

मज्जारज्जूला इजा केवळ अपघातानेंच होते असें नाहीं. आपल्या देशांत मणक्यांचा क्षय हें एक मोठें कारण आहे. पाठींत रात्रीं वाढणारें दुखणें, संध्याकाळचा बारीक ताप, पुढें पायांत अशक्तपणा, असा त्याचा क्रम. वेळींच ओळखल्यास तो औषधांनीं बरा होतो. कमरेची चकती सरकून मांड्यांच्या आंतल्या बाजूस व बैठकीच्या जागीं बधिरता आली आणि लघवी अडली, तर मात्र लेप-शेक करीत एक रात्रहि घालवूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

मुलांमध्यें कारण बहुधा जन्मजात असतें. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत कण्याची नळी नीट मिटली नाहीं, तर मज्जारज्जु उघडा राहतो किंवा खालीं जखडला जातो. गर्भधारणेच्या आधींपासून स्त्रीनें रोज ४०० मायक्रोग्राम फॉलिक आम्ल घेतल्यास हा दोष पुष्कळ अंशीं टळतो. जखडलेला रज्जु वरून दिसत नाहीं. कमरेखालीं केसांचा झुबका, खळगा किंवा मऊ गांठ एवढीच खूण असते, कधीं तीहि नसते. कोरडें राहूं लागलेलें मूल पुन्हां कपडे भिजवूं लागलें, बद्धकोष्ठ जडलें, चालतांना पाय ओढूं लागलें किंवा एकाच पायाची वहाण झिजवूं लागलें, तर छडी न उगारतां त्याची पाठ डॉक्टरांस दाखवावी.

तुटलेला रज्जु सांधतां येत नाहीं, पण मूत्राशयाची व्यवस्था लावतां येते. सन १९७२ मध्यें अमेरिकेंतील जॅक लॅपिडीस यांनीं दाखवून दिलें, कीं नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असावी. मूत्राशय वेळेवर रिता होणें हें अधिक महत्त्वाचें. त्यामुळें जें काम परिचारिकेवांचून होत नसे, तें रोगी स्वतः घरीं करूं लागला. सात-आठ वर्षांचें मूलहि तें शिकतें. अशा मुलाला दर चार तासांनीं दहा मिनिटें सुटी, हात धुण्यास साबण व पाणी, आणि आंतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली, एवढें शाळेनें दिलें म्हणजे तें इतरांबरोबर त्याच बाकावर बसून मॅट्रिकपर्यंत शिकूं शकतें.