‘जंगलाचे फायदे लिहा’ : गुण पाच

दर शनिवारी आमच्या मंडळाच्या बालवाचनालयात मी मुलांना गोष्टी सांगते. जुलैमध्ये वनमहोत्सवाचा आठवडा होता. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेला हा उपक्रम आता शाळाशाळांत रोपं लावून साजरा होतो. म्हटलं, आज गोष्ट नको, मुलांना जंगलाबद्दल काय वाटतं ते विचारू. पाचवी ते आठवीची वीसेक मुलं होती. सगळ्यांना कागद दिले आणि परीक्षेतलाच प्रश्न घातला : जंगलाचे फायदे लिहा.

दहा मिनिटांत कागद भरले. ऑक्सिजन, पाऊस, लाकूड, औषधं, जमिनीची धूप थांबते, प्राण्यांना निवारा मिळतो. पैकीच्या पैकी गुण! पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करावं, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला होता. मुलांना इतकं पाठ आहे, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. ‘आज सकाळपासून तुम्ही जंगलामुळे मिळालेली कोणती गोष्ट वापरलीत?’

आता मात्र पेन्सिली थांबल्या. एकीने लिहिलं, ‘मध, पण तो दुकानातून आणला होता.’ एकाने सोफा लिहिला. बरेच कागद कोरेच राहिले. ‘जंगलात जायला आवडेल का?’ या प्रश्नाला ‘साप असतात’, ‘बिबट्या येतो’ आणि ‘नेटवर्क नसतं’ अशी उत्तरं आली. दात घासले, आंघोळ केली, चहा-दूध झालं. पण पाणी कुणीच लिहिलं नव्हतं.

मी फळ्यावर नकाशा काढला. बेळगावच्या नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं. राकसकोपला मार्कंडेय नदी पाणी आणते आणि हिडकलला घटप्रभा. दोन्ही नद्या पश्चिमेकडच्या डोंगरांतून येतात. तिथे धो-धो पाऊस पडतो. झाडांची पानं त्याचा मारा झेलतात, खालचा पालापाचोळा पाणी अडवतो आणि मुळांनी भुसभुशीत झालेली माती ते पोटात घेते. तेच पाणी पुढे झऱ्यांतून हळूहळू बाहेर पडत राहतं. झाडं नसतील तर पाणी मातीसकट धावत सुटतं आणि धरणात गाळ साचतो.

आपल्या खानापूर तालुक्याची गंमत आणखी मोठी आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, हुबळी-धारवाडची तहान भागवते आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच डोंगराळ भागात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. इथल्या सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगलाला २०११ साली भीमगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं.

मुलं ऐकत होती. मागे बसलेला सातवीतला एक मुलगा मात्र खाली बघत होता. तो जांबोटीकडचा, शिक्षणासाठी मामाकडे राहतो. त्याचा कागद कोराच होता. मी विचारलं, ‘तुला तर सगळ्यांत जास्त माहीत असेल, मग लिहिलं का नाहीस?’

तो म्हणाला, ‘बाई, फायदे लिहायला सांगितलंय तुम्ही. आमच्याकडं गवे येत्यात. एका रात्रीत भात खाऊन, तुडवून जात्यात. आजोबा रात्रभर डबा वाजवत बसत्यात.’

कुणी हसलं नाही. मग हळूहळू तोच बोलू लागला. करवंदं कधी पिकतात, हिरडा कसा वाळवतात, अस्वलाची चाहूल लागली की काय करायचं. मुलं त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. इतके दिवस आपण रानाकडचे आहोत हे तो वर्गात बोलतच नव्हता म्हणे. मुलं चिडवतील अशी भीती वाटायची.

तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘म्हणजे पाणी आपल्याला आणि नुकसान त्यांचं?’

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. सरकारी भरपाईची सोय आहे, हे मी सांगितलं. पण ती हातात पडेपर्यंत घर काय खाणार आणि रात्रीच्या जागरणाची भरपाई कोण देणार? पुस्तकातल्या फायद्यांच्या यादीत हा हिशेब येत नाही. जंगल टिकावं असं आपल्याला शहरात बसून वाटतं, ते योग्यच आहे. पण त्याची किंमत जे मोजतात, त्यांची निदान ओळख तरी आपल्या मुलांना हवी. ‘जंगल वाचवा’ या घोषणेत जंगलाशेजारची माणसंही यायला हवीत.

त्या दिवशी आम्ही एक ठरवलं. दिवाळीनंतर, भात कापणीच्या दिवसांत, पालकांना घेऊन त्या मुलाच्या गावी जायचं. सहल म्हणून डबे घेऊन फिरायला नव्हे, तर एक दिवस कापणीला हात लावायला आणि संध्याकाळी आजोबांकडून रान समजून घ्यायला. त्यांचा होकारही आला आहे.

तुम्हीही आज घरी मुलांना एवढंच विचारून पाहा : आपल्या नळाचं पाणी कुठल्या डोंगरातून येतं आणि तिथे कोण राहतं? उत्तर आलं नाही तर रागावू नका. आधी स्वतःला येतं का, ते बघा. मला स्वतःला त्यातलं अर्धंच येत होतं.