शिसं किती घालायचं?

संपादकांनी दिलेला विषय वेगळा होता. उकाई धरण पुरं होऊन पन्नास वर्षं उलटली, त्याच्या फुगवट्यावर नवापूर तालुक्यात मासेमारी कशी चालते ते बघून ये, असं त्यांनी सांगितलं होतं. सुरत-नागपूर महामार्गावर विसरवाडीला उतरले. पुढे फुगवट्याकडे जायचं होतं, पण गावातच एका अंगणात थांबले ती थांबलेच. तिथे एक बाबा फेकजाळ्याच्या काठाला शिसं बसवत होते. जाळं विणताना मी पूर्वी पाहिलं होतं. शिसं बसवताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात इतका विचार असेल असं वाटलंही नव्हतं.

धरणाची गोष्ट थोडक्यात सांगते. तापीवरचं उकाई १९७२ साली पूर्ण झालं. पूर्ण संचयाची पातळी ३४५ फूट, आणि तळं भरलं की पाणी सुमारे सहाशे चौरस किलोमीटरवर पसरतं. भिंत गुजरातेत, पण फुगवट्याचं शेपूट महाराष्ट्रात येतं. तेव्हा हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि नांगर धरणाऱ्या माणसांना जाळं धरावं लागलं. सहकारी संस्था निघाल्या, कटला-रोहूचं बीज पाण्यात सोडलं जाऊ लागलं. विसरवाडीची स्वतःची नदी मात्र सरपणी. ती लहान आणि खडकाळ, पावसाळ्यात अंगावर येणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी. बाबांचं शिक्षण या सरपणीत झालं, फुगवटा नंतर आला.

नाव विचारलं तर म्हणाले, "नाव नका छापू ताई, जाळ्याचं लिहा." घरात मावची बोलतात, माझ्याशी मराठीत बोलत होते. समोर गोणपाटावर शिशाच्या पातळ पट्ट्या कापून ठेवलेल्या, प्रत्येक बोटाच्या पेराएवढी. पट्टी काठाच्या दोरीवर ठेवायची, अंगठ्याने अर्धी वळवायची आणि पक्कडीने दोनदा दाबायची. पहिल्या दाबाने पट्टी बंद होते. दुसऱ्या दाबाआधी ते ती किंचित फिरवतात, म्हणजे तिचा सांधा आतल्या बाजूला जातो. सांधा बाहेर राहिला तर फेकताना जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, त्यात अडकतो आणि जाळं उघडत नाही. हातभर काठ झाला की ते तो जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून ओढून बघतात. ओढणीचा एक धागा जरी निघाला तरी ती वळलेली पट्टी, म्हणजे तो मणी, दगडावर घासला जातो. इतकी निगुतीची कसोटी मी मोठ्या कारखान्यांतही क्वचित पाहिली आहे.

फेकजाळं म्हणजे गोल जाळं. मध्याला दोरी, ती मनगटाला बांधलेली. काठाला शिसं, आणि काठ आतल्या बाजूला दुमडून जागोजागी बांधलेला, त्यामुळे सगळीकडून खोळी तयार होतात. जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही कोपरावर, उरलेला उजव्या हातात. कमरेतून वळून सोडलं की ते परकराच्या घेरासारखं हवेत उघडतं आणि पाण्यावर सपाट पडतं. यानंतर फेकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. काठ खाली जातो, मासा दचकून बाहेर पळू बघतो, आणि दोघांत आधी कोण पोचतो एवढाच प्रश्न असतो. काठ आधी तळाला टेकला तर मासा आत. मग दोरी हळूहळू ओढायची. काठ तळावरून घासत गोळा होतो आणि वर धडपडणारा मासा शेवटी खोळीत उतरतो.

म्हणजे सगळी भिस्त शिशावर. मग भरपूर शिसं घालावं, असं माझ्या तोंडून निघालं. बाबांनी पक्कड खाली ठेवली. "भरपूर घातलं तर फेकणार कोण?"

आठ फुटी, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत आठ फुटांचं जाळं घेऊ. पूर्ण उघडलं तर त्याचा घेर पन्नास फुटांचा होतो. सरपणीत कमरेएवढ्या पाण्यासाठी बाबा त्याला अडीच ते तीन किलो शिसं लावतात. फुगवट्याच्या काठासाठी तेच जाळं असेल तर चार किलोंपर्यंत जातात. बारीक आसाचं, झिंग्यांचं जाळं असेल तर आणखी थोडं, कारण धागे जास्त म्हणून पाण्याचा अडथळा जास्त. शिकाऊ पोराच्या जाळ्याला दोन किलोच. पोराचं कोपर दुखलं की तो जाळं वाकडं टाकतो, आणि वाकड्या पडलेल्या जड जाळ्यापेक्षा गोल पडलेलं हलकं जाळं केव्हाही जास्त मासे आणतं. पाणी वाहतं असेल तर पुन्हा वेगळा हिशेब: हलका काठ तळाला पोचेपर्यंत प्रवाह जाळं तिरकं करतो आणि खालच्या अंगाने मासा निसटतो. गाळाच्या तळावर मात्र जड काठ रुततो. मग ओढताना मासे कमी आणि चिखल, काटक्या, शिंपले जास्त येतात.

घरी येऊन मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. पाण्यात बुडणाऱ्या वस्तूला होणारा विरोध तिच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून जाळं दुप्पट वेगाने बुडवायचं तर वजन दुप्पट नाही, चौपट करावं लागतं. तीन किलोंवर आणखी एक किलो चढवला तर वेग फक्त पंधरा-सोळा टक्क्यांनी वाढतो. तो वाढीव किलो मात्र दिवसभर प्रत्येक फेकीला खांद्यावर उचलावा लागतो. बाबांच्या कोपराने हे गणित कधीच सोडवलं आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र एकूण वजनाची नव्हती, वाटणीची होती. तीन किलो शिशाचे दहा ग्रॅमचे तीनशे मणी होतात, किंवा तीस ग्रॅमचे शंभर. पन्नास फुटांच्या काठावर पहिल्या वाटणीत दर दोन इंचांना एक मणी येतो, दुसरीत दर सहा इंचांना. वजन तेच, बुडण्याचा वेगही जवळपास तोच. पण सरपणीचा तळ काळ्या दगडांचा. सहा इंचांवर मणी असतील तर मधली दोरी एका दगडावरून दुसऱ्यावर ताणलेली राहते, खाली फट उरते आणि वाम त्या फटीतून सरळ निघून जाते. दोन इंचांवर मणी असले की काठ दगडाच्या अंगाला बिलगून खाली उतरतो. सपाट, मऊ तळावर हा खटाटोप नको. तिथे लांबट मणी थोडे दूर चालतात आणि ते रुततही कमी. बाबा मला जाळ्याचा काठ हातावरून सोडून दाखवत होते: खडकाचं जाळं बोटांच्या बेचक्यांत उतरत होतं, गाळाचं बोटांवर आडवं पडत होतं.

अमेरिकेत बास नावाचा मासा गळाने धरणारे हौशी लोक याच प्रश्नावर तासन्तास बोलतात. त्यांच्या गळाच्या डोक्यालाच धातूचा गोळा ओतलेला असतो, वर झिरमिळ्या असतात, आणि तो तळावर टुणटुण नाचवायचा असतो. तिथलं नेहमीचं वजन औंसाचे तीन अष्टमांश, म्हणजे साडेदहा ग्रॅम, बाबांच्या एका मण्याएवढं. तळ हाताला कळेल इतकं वजन हवं, त्याहून जास्त नको, हा त्यांचा नियम. वारा, प्रवाह आणि खोली वाढली की वजन वाढवतात. पाणी थंड असून मासा सुस्त असेल तर कमी करतात, म्हणजे आमिष सावकाश पडतं. तिथे आमिष माशासमोर रेंगाळायला हवं, इथे काठाने माशाला गाठायला हवं. तरी दोन्हीकडे वजन ठरतं ते पाणी आणि तळ बघून. मासा किती मोठा याचा त्यात फारसा संबंध नाही.

बाबांच्या वडिलांच्या काळी जाळी सुती होती, झाडाच्या सालीच्या रंगात भिजवून टिकवलेली. सूत पाण्यात स्वतःच बऱ्यापैकी बुडतं, किलोभर सुताचं पाण्यातलं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास राहतं. नायलॉनचं जेमतेम सव्वाशे ग्रॅम उरतं. नायलॉन कुजत नाही, हलकं आणि बारीक असतं, म्हणून सगळ्यांनी घेतलं, आणि सुताने उचललेला बुडण्याचा भार शिशावर आला. त्याआधी माणसाने माती आणि दगड वापरले. हडप्पाकालीन वस्त्यांमध्ये भाजक्या मातीची जाळ्याची वजनं सापडली आहेत.

फुगवट्यावर मात्र कितीही शिसं घातलं तरी एक मर्यादा ओलांडता येत नाही. आठ फुटी जाळं आठ फूट पाण्यात टाकलं आणि त्याचा मध्य पृष्ठभागाजवळच राहिला, तर काठ तळाला पोचेपर्यंत जाळं सरळ लोंबतं आणि घेर मिटलेला असतो. मग दोरी सैल सोडून मध्यही बुडू द्यावा लागतो, तेवढ्यात मासा गेलेला असतो. म्हणून खोल पाण्यात लावून ठेवायची उभी जाळीच चालतात, आणि फेकजाळं काठाच्या उथळ पाण्यापुरतं उरतं. नदीवरही त्याची जागा आकसते आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये सरपणी आणि रंगावलीला मोठा पूर आला. त्यानंतर ओळखीचे डोह भरून गेले आणि दुसरीकडे नवे पडले, असं बाबा सांगतात. तळ बदलला की शिसं बदलावं लागतं. बाजारातल्या तयार जाळ्याला कारखान्याने ठरवलेलं एकच वजन असतं. ते ना खडकाचं, ना गाळाचं.

इथवर मी नुसती कौतुकाने बघत होते. मग बाबांनी चुलीवर लोखंडी पळी ठेवली.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला घरची चूल पुरते. माल भंगारातला, त्यात जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटाही. वितळल्यावर वर करडी राख येते, ती काडीने बाजूला सारून चुलीशेजारीच टाकली. रस सपाट दगडावर ओतला. दगड आधी तापवून कोरडा केलेला होता, कारण ओल राहिली तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. ही खबरदारी त्यांना पक्की ठाऊक आहे. राखेची नाही. अंगणात नात खेळत होती. पट्टी घट्ट बसली नाही तर बाबा ती दातांनी दाबत होते.

मुलांच्या शरीरात शिशाचं निर्धोक असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूच्या वाढीवर घाव घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. देशाने २००० साली पेट्रोलमधलं शिसं काढलं. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत ठिकाणीच जाव्यात यासाठी २००१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नियम झाले. तरी शिसं चुलीपर्यंत पोचतं. ब्रिटनने हंस मरतात म्हणून १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली. आपल्याकडे अंगणातल्या पोरांसाठी कोणी जाळ्याच्या शिशाकडे पाहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि हे मला अतिशय लागलं.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. राख पोरांपासून लांब नेऊन पुरा, दात लावू नका, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका, एवढं त्यांनी लगेच मान्य केलं. नातीला त्यांनी हाक मारून आत पाठवलं. मग विचारलं, "शिसं सोडलं तर बांधू काय?"

तीन किलो शिशाचं पाण्यातलं वजन सुमारे दोन किलो सातशे तीस ग्रॅम भरतं. तेवढ्यासाठी काळा दगड चार किलोंच्या वर लागेल आणि शिशाच्या पाचपटीहून जास्त जागा खाईल. असा काठ फेकताच येणार नाही. टंगस्टन शिशाहून जड आणि लहान, अमेरिकेतले हौशी लोक ते घेतात, पण त्याची किंमत इथल्या माणसासमोर उच्चारण्यातही अर्थ नाही. उरतं लोखंड. लोखंड तीन किलो एकशे तीस ग्रॅम घेतलं की झालं, वजनाचा फरक अगदी किरकोळ आहे. आकार मात्र दीडपट होतो. आणि शिसं पक्कडीने वळतं, लोखंड वळत नाही. साखळी लावावी तर तिच्या कड्या सरपणीच्या दगडांत अडकतात. बाबांनी एका जुन्या जाळ्याला लोखंडी नट ओवून पाहिले आहेत. ते जाळं त्यांनी आतून आणून दाखवलं. नटांच्या कोपऱ्यांनी आस कापले गेले होते आणि गंजाने दोरी खरबरीत झाली होती.

मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमारांना सूत, जाळी आणि होडीसाठी अनुदान देतो. त्याच यादीत जाळ्याचं वजनही बसवायला हवं, असं मला वाटतं. काय बसवायचं ते बाबांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं: लोखंडी मणी, दहा-साडेदहा ग्रॅमचा, लांबट, दोन्ही टोकं गोल, भोक आतून गुळगुळीत, वर न गंजणारा मुलामा. एका जाळ्याला तीनशे नग. ते ज्या दुकानांतून माल घेतात तिथे असा मणी नाही.

"कुठे मिळाला तर पावसाच्या आधी कळवा," ते म्हणाले. "पाणी चढलं की मला जाळं लागणारच. मग मी शिसंच ओतीन."