चाळमालकीचा ताळेबंद

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत चाळ बांधणे ही भरवशाची गुंतवणूक मानली जाई. गिरण्यांमुळे गिरगावपासून परळपर्यंत भाडेकरूंना तोटा नव्हता. एका जिन्यावर तीस-चाळीस बिऱ्हाडे बसत, आणि खोलीचे भाडे थोडे असले तरी महिन्याची बेरीज घसघशीत होई. त्या चाळींचे पुढे काय झाले, हे आज बदलापूर किंवा विरारला भाड्यासाठी लहान घर घेऊ पाहणाऱ्याने नीट तपासावे. भाडे कमी म्हणून घर सांभाळण्याचा खर्च कमी होत नाही, हे या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

भाड्यावर पहिली बंधने पहिल्या महायुद्धाच्या काळातच आली. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत कामगाराला छप्पर टिकवून देणारा हा कायदा न्याय्यच होता. मात्र मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षे चालला, आणि त्या काळात लाकूड, सिमेंट, गवंड्याची मजुरी यांना कोणी बांधून ठेवले नव्हते. मोरीचे पाणी मुरून खालचा वासा कुजला की तो बदलायला सुताराची मजुरी ठरलेली; वरच्या खोलीचे भाडे पंधरा रुपये आहे की पाचशे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसे. मग मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेपावत्यांवर जे उत्पन्न दिसत राहिले, ते मुख्यतः दुरुस्तीवर न केलेला खर्च होता; मुद्दलच हप्त्याहप्त्याने खाल्ले जात होते. १९६९ साली सरकारला कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता समर्थनीय राहिले नसल्याचे सांगितले, आणि २०००पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ती चक्रवाढीने धरली तरी वीस रुपयांचे भाडे पंचवीस वर्षांत त्रेपन्न रुपयांच्या आसपास पोचते. तेवढ्यात नळाची तोटीसुद्धा येत नाही.

मालकांनी पागडीत भरपूर कमावले, असा यावर आक्षेप येतो. काहींनी कमावले, हे खरे. पण पागडी खोली एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मिळे आणि गळके छप्पर दर पावसाळ्यात असे. शिवाय पागडी घेऊन मालक खोलीचा ताबा जवळजवळ कायमचा सोडत होता. त्याला परतावा म्हणण्यापेक्षा अर्धवट विक्री म्हणणे योग्य.

आता लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो, भाडे बाजारभावाने ठरते, तेव्हा जुनी भीती कशाला, असेही विचारतात. ताब्याची भीती बरीच कमी झाली, हे मान्य. खर्चाचे गणित मात्र तसेच आहे. समजा, २५ लाखांच्या घराला महिना ७,००० भाडे येते. वर्षाचे ८४,००० म्हणजे ३.३६ टक्के. त्यातून एक रिकामा महिना ७,०००, सोसायटीचा मेंटेनन्स १८,०००, मालमत्ता कर ४,००० आणि दलाली, करारनोंदणी, रंग, नळदुरुस्ती यांचे १०,००० वजा केले की उरतात ४५,०००, म्हणजे १.८ टक्के. भाडे थकले किंवा भाडेकरू मध्येच गेला, तर हेही नाही. महागड्या घरातही हे खर्च असतात, पण तिथे ते भाड्याचा एवढा मोठा घास घेत नाहीत.

राहिली भाववाढ. ती होऊ शकते, पण वाढते ती जमीन. इमारत दरवर्षी जुनी होते, आणि लहान फ्लॅटच्या वाट्याला जमीन थोडीच येते. म्हणून घर घेण्यापूर्वी अकरा महिन्यांचे भाडे धरा, सगळे खर्च वजा करा आणि उरलेली रक्कम बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाशेजारी मांडा. ती फार मागे पडत असेल आणि भाववाढीच्या आशेखेरीज हाती काही उरत नसेल, तर स्वस्त मिळते म्हणून ते घर भाड्यासाठी घेऊ नका.