पाचशे किलोमीटरला सव्वा तास का लागतो?

अठराव्या शतकात पवार सरदारांनी माळव्यात बस्तान बसवलं आणि धार व देवास ही त्यांची संस्थानं झाली. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या. तिथल्या मराठी घरांची पुण्या-मुंबईची ये-जा आजही सुरू आहे. विमानानं निघायचं तर दोन्ही गावांना जवळचा पडतो तो इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ.

इंदूर ते मुंबई हे हवाई अंतर कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ३.६ अंशांचा फरक आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, तर मुंबई ४०० किलोमीटर दक्षिणेला येते. रेखांशांतला फरक तीन अंशांहून किंचित कमी. रेखावृत्तं ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे या भागात रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किलोमीटरचाच भरतो. म्हणजे मुंबई सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला. पायथागोरसच्या नियमानं कर्ण ५००! इतक्या कमी अंतरात पृथ्वीच्या गोलाईनं फारसा फरक पडत नाही. न्यूयॉर्कला जायचं असेल, तर मात्र गोलावरची भूमिती वापरावीच लागते.

 

आता वेळ. ताशी ८०० किलोमीटर वेगानं पाचशे किलोमीटर म्हणजे अवघी ३८ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्तच वेळ असतो. कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, उड्डाणाची परवानगी, मग चढण. दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवतात. पूर्ण वेग मिळतो न मिळतो, तोच उतरण सुरू होते.

मुंबईत आणखी एक वळसा असतो. तिथली मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमानं सहसा पूर्वेकडून येऊन समुद्राच्या दिशेला तोंड करून उतरतात. उत्तरेकडून आलेल्या इंदूरच्या विमानाला त्यासाठी पूर्वेला जाऊन रांगेत शिरावं लागतं. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी बहुधा एकीवरच काम चालतं.

जमिनीवरचा हिशेबही सरळ नाही. नकाशावर देवास विमानतळाला धारपेक्षा जवळ आहे. पण विमानतळ इंदूरच्या पश्चिम अंगाला. धारकर थेट येतात. देवासकरांना शहर ओलांडावं किंवा वळसा घालून यावं लागतं.

विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तरी या मार्गावर जेमतेम तीन मिनिटं वाचतील. माळव्यातल्या प्रवाशाचा खरा वेळ वाचेल तो इंदूरच्या रस्त्यांवर आणि मुंबईच्या धावपट्टीवर.