फुंका आणि पुढे व्हा!

परवाचीच गोष्ट. मीरा रोडला मित्राचं रिसेप्शन. रात्री साडेबाराला बाइक काढली, वर्सोवा पूल ओलांडून हायवेने विरारकडे. चिंचोटीच्या आसपास नाकाबंदी होती. "फुंका." फुंकलो. मशीन म्हणालं, शून्य. हवालदारसाहेब खूश, मी त्याहून खूश. दारूला हातही लावला नव्हता ना!

पेल्हारच्या पुढे एका ट्रेलरच्या हॉर्नने मी दचकून जागा झालो. हो, जागा. बाइक चालवताना माझा डोळा लागला होता आणि बाइक सरकत सरकत त्याच्या लेनमध्ये गेली होती. बाजूला घेतली तेव्हा हात थरथरत होते. मग आठवलं, निघण्याआधी सर्दीची एक साधी गोळी घेतली होती. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, झोप येऊ शकते, वाहन चालवू नये. आपण ते वाचतो कधी? अशा अनेक गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं. सर्दी थांबवता थांबवता ते आपल्यालाही झोपवतं. ब्रेथ अॅनालायझरला त्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त अल्कोहोल समजतं.

कायद्याला मात्र बरंच समजतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणतं, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं तर गुन्हा. आणि अंमली पदार्थाच्या असराखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसला तरीही गुन्हाच. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पण ड्रग्जसाठी लॅबची टेस्ट लागते, म्हणजे रक्त काढावं लागतं. आणि ते रक्त ज्याचं त्याचंच असायला हवं! १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातात दोन तरुण आयटी इंजिनीअर्स गेले. त्यानंतर ससून रुग्णालयात आरोपी मुलाचं सॅम्पलच बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी तिथल्या डॉक्टरांना अटक केली.

माझी सर्दीची गोळी या सगळ्यात कुठे बसते? नशा म्हणावी तर नाही, आजार म्हणावा तर तोही नाही. पण मी त्या रात्री कुणाला उडवलं असतं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. झोप येईल असं पाकिटावर छापलेलं असताना "मला काय माहीत" कोण ऐकून घेणार?

हा किस्सा मी एका जिगरी दोस्ताला सांगितला. नाव नको. तो एमआर आहे, नालासोपारा ते वसई दिवसभर बाइकवर, डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळत. तो हसलाच नाही. म्हणाला, "मला कॉलेजपासून फिट्स येतात, माहितीये ना तुला?" माहीत होतं. विसरलो होतो. शेवटची फिट तीन वर्षांपूर्वी, रोज रात्रीची गोळी न चुकता.

"मग लायसन्स कसं मिळालं?"

"फॉर्मवर 'नाही' लिहिलं."

लायसन्ससाठी फॉर्म १ भरावा लागतो. फेफरं, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर असा त्रास आहे का, असा त्यात थेट प्रश्न असतो. उत्तर आपणच द्यायचं, सही आपणच करायची. खासगी गाडीसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं ते चाळिशी ओलांडल्यावर. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना ते आधीपासूनच लागतं. म्हणजे पंचविशीतला एमएच-४८ वाला फिट आहे की नाही, हे ठरवणारा तो स्वतःच!

'हो' लिहिलं तर लायसन्स नाही. 'नाही' लिहून पुढे पकडला गेला तर कलम १८६. आजार धोक्याचा आहे हे माहीत असूनही गाडी चालवल्याबद्दल पहिल्यांदा हजारापर्यंत दंड, पुन्हा पकडला तर दोन हजारांपर्यंत. (खोटं लिहिल्याचं प्रकरण वेगळं.) ब्रिटनमध्ये साधारण वर्षभर फिट आली नाही तर कारचं लायसन्स परत मिळू शकतं. आपल्या फॉर्मवर वर्षांचा हिशेबच नाही, हो किंवा नाही. खरं बोलणाऱ्याची नोकरी जाते आणि खोटं बोलणारा रोज तुमच्या-आमच्या शेजारून ओव्हरटेक करत जातो. मला दोस्ताचा राग आला, आणि त्या फॉर्मचाही. कुणाचा जास्त आला ते अजून ठरत नाही.

त्याला म्हटलं, निदान न्यूरॉलॉजिस्टला सगळं खरं सांग, फिरतीचं कामही सांग. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. जाऊन आला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सध्या बाइक चालवू नका. लेखी देऊ का, विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, लेखी नको."

मागे स्टँड काढल्याचा आवाज आला. मी विचारलं, "आता कुठे आहेस?"

"वसई फाट्याला," तो म्हणाला. "ठेवतो, निघायचंय."