सूचना व हरकती

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या जाहिरातींशेजारी, अधूनमधून एक लांबलचक जाहीर सूचना येते. अक्षर बारीक, तक्ते दाटीवाटीचे. अमुक वीज वितरण परवानाधारकानं पुढच्या वर्षांत आपल्याला किती महसूल लागेल याची याचिका महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे दाखल केली आहे आणि तिच्यावर जनतेकडून सूचना व हरकती मागवल्या आहेत, असं तिच्यात लिहिलेलं असतं. हरकत मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल. सुनावणीत स्वतः बोलायचं असेल तर तसं नमूद करावं. मुदत साधारण तीन आठवडे.

ही कात्रणं मी गेली पंधरा-वीस वर्षं एका फायलीत ठेवत आलो आहे. मी इंजिनिअर नाही, वकील नाही, हिशेबनीसही नाही. विजेच्या दराचं गणित याचिका वाचता वाचता, चुकत माकत शिकलो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली. उपनगरातल्या माणसाला बिल तोंडपाठ असतं, पण ज्या सूचनेतून ते बिल जन्माला येतं ती त्यानं पाहिलेली नसते. दर ठरतो तेव्हा सभागृहात मूठभर माणसं असतात आणि ठरून गेल्यावर रस्त्यावर गर्दी होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्या गर्दीचं पुढे काय होतं, तिला काय मिळतं आणि काय भरावं लागतं, हे २००९ साली आपल्याच उपनगरात घडून गेलं आहे. ते सांगायचं तर थोडी पूर्वपीठिका लागेल.

मुंबईचा विजेचा नकाशा विचित्र आहे. माहीम-सायनपर्यंतच्या शहरात बेस्ट. तिथून पुढे पश्चिमेला वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चुनाभट्टीपासून मानखुर्द-विक्रोळीपर्यंत १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएसचं राज्य. ही कंपनी २००३ च्या सुमारास रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये तिचा मुंबईतला वीज व्यवसाय अदानींकडे. तारा त्याच, खांब तेच, बिलावरचं नाव तेवढं बदलत गेलं. भांडुप-मुलुंडला मात्र महावितरण, म्हणजे पूर्वीचं राज्य वीज मंडळ. त्यामुळे घाटकोपर आणि मुलुंड लोकलनं पाव तासाच्या अंतरावर असले तरी त्यांच्या याचिका वेगळ्या, दर वेगळे आणि सुनावणीच्या जागाही वेगळ्या. अंधेरी-बोरिवली-घाटकोपरवाल्यानं कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर गाठायचं, मुलुंडवाल्यानं बेलापूरचं कोकण भवन. तेही कामाच्या दिवशी.

तरी ही सोय नवी आहे हे विसरता येत नाही. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात खासगी वीज कंपनीचा 'वाजवी परतावा' कसा मोजायचा याचं गणित दिलं होतं. नफा त्या चौकटीत बसवायचा आणि दरवाढीची आगाऊ सूचना सरकारला द्यायची, एवढ्यावर कंपनीचं काम भागे. पैसे भरणाऱ्याला या व्यवहारात जागाच नव्हती. मंडळाचे दर तर मंत्रालयाच्या मर्जीवर. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तोही लोकांच्या नजरेआड. त्या कराराचं गणित मांडून दाखवणाऱ्यांत पुण्याच्या 'प्रयास'चे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी होते. संत २०१२ मध्ये अकाली गेले. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसांना वीज दराची याचिका वाचता येते, हा विश्वास ज्यांच्या टिपणांतून आला त्यांपैकी ते एक.

१९९८ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांत नियामक आयोग आणले. महाराष्ट्राचा आयोग ऑगस्ट १९९९ मध्ये स्थापन झाला. पुढे २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ६४ नं स्पष्टच सांगितलं, की दराचा अर्ज प्रसिद्ध करायचा, जनतेच्या सूचना-हरकती विचारात घ्यायच्या आणि मगच आदेश द्यायचा. कलम ९४ खाली आयोग ग्राहकांच्या वतीनं बोलायला प्रतिनिधी नेमू शकतो. त्याप्रमाणे मुंबई ग्राहक पंचायत, प्रयास, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना अशांना अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली. यांतली ग्राहक पंचायत विलेपार्ल्याची, म्हणजे आपल्या उपनगरातलीच.

या कागदी अधिकारानं काय घडू शकतं ते मंडळाच्या पहिल्या दरसुनावणीतच दिसलं. तिचा आदेश मे २००० मध्ये आला. मंडळ वर्षानुवर्षं वीजगळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या घरात दाखवत होतं. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे पंपांनी किती वीज वापरली हा आकडा अंदाजानं लिहिला जाई. जी वीज सापडत नसे ती शेतकऱ्याच्या खात्यावर टाकायची, असा तो सोपा हिशेब होता. सुनावणीत आणि तिच्या मागेपुढे झालेल्या पत्रव्यवहारात विचारलं गेलं, की पंप वर्षाला किती तास चालतो असं धरलं आहे? ते कशावरून? नमुन्याचे मीटर कुठे बसवले? उत्तरं द्यावी लागली आणि गळतीचा आकडा तीस टक्क्यांच्या पुढे गेला. मोर्चा नाही, घोषणा नाही, एका तक्त्यातला एक रकाना उलगडला गेला. मुलुंडच्या दोन खोल्यांतल्या माणसाचा शेतीपंपाशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध असा, की शेतीच्या सवलतीचा काही भार इतर ग्राहकांच्या दरात चढवलेला असतो आणि शेतीच्या नावावर चोरी किंवा गळती लपवली असेल तर तिचेही पैसे तोच भरतो.

मी स्वतः पहिली हरकत पाठवली तेव्हा दर सामान्य माणसाला परवडत नाहीत, असं दीड पानभर पोटतिडकीनं लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं, की दर नियमावलीनुसार प्रस्तावित आहेत. राग आला, पण उत्तरात चूक काढता येईना. आयोग दर ठरवतो तो दयेनं नाही, खर्चाच्या बेरजेनं ठरवतो. खरेदी केलेली वीज, देखभाल, पगार, घसारा, कर्जावरचं व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा अशी ती बेरीज. २००५ च्या नियमावलीत वितरणासाठी हा परतावा १६ टक्के धरला होता. म्हणजे नवं उपकेंद्र, नवी केबल, नवे मीटर असा जो भांडवली खर्च मान्य होतो त्यातल्या भागभांडवलाच्या हिश्श्यावर वर्षानुवर्षं परतावा सुरू होतो. तेव्हा 'दर फार आहेत' हे म्हणणं कुठल्याच रकान्यात बसत नाही, 'ही केबल कशासाठी?' हा प्रश्न बसतो. पुढच्या वेळी मी दोनच प्रश्न विचारले: सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ सरासरीनं बिल गेलेले ग्राहक किती, आणि त्यांतले किती मीटर बदलले? या वेळी उत्तर म्हणून तक्ता आला.

आयोगाच्या आदेशाची एक ठरलेली मांडणी असते. आधी हरकत, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत. सगळा खटाटोप त्या तिसऱ्या परिच्छेदासाठी. आदेशाविरुद्ध दिल्लीच्या अपिलेट न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येतं, आणि तिथं नोंदीवर काय आहे ते बघतात.

आता २००९. उपनगरातली वीज त्या वेळी महाग का होती? कंपनीची स्वतःची वीज म्हणजे डहाणूच्या केंद्राची ५०० मेगावॉट. बाकीची बऱ्याच अंशी टाटांकडून येई. टाटांकडे भिरा, भिवपुरी, खोपोलीची जुनी, स्वस्त जलविद्युत होती, शिवाय तुर्भ्याचं औष्णिक केंद्र. पण २००३ च्या कायद्यानं वीजनिर्मात्याला आपली वीज कुणालाही विकायची मुभा दिली आणि ६ मे २००९ ला सर्वोच्च न्यायालयानंही टाटांचा तो हक्क मान्य केला. टाटांचा आधार असा डळमळीत झाल्यावर बाजारातून घ्यायची ती महाग वीज, आणि भर पडते ती बिलात.

१५ जून २००९ ला आयोगाचा दरवाढीचा आदेश आला. त्याआधी सूचना निघाली होती, सुनावणी झाली होती. आगडोंब उसळला तो आदेशानंतर. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे सगळ्याच पक्षांना उपनगरातल्या बिलांचा उमाळा आला. सरकारनंही आयोगाकडे चौकशीचा आग्रह धरला. एका महिन्यात, १५ जुलैला, आयोगानं स्वतःच्याच आदेशातल्या वाढीला स्थगिती दिली आणि कंपनीचे हिशेब तपासायला हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजला सांगितलं. उपनगरात पेढे वाटायचेच बाकी होते. मीही खूश होतो, कबूल करतो.

सप्टेंबर २०१० मध्ये, अहवाल आल्यावर, स्थगिती उठली. मधल्या चौदा महिन्यांत वीज तर आपण वापरलीच होती आणि तिचा मान्य झालेला खर्च कुठे तरी उभा राहणारच होता. तो कंपनीच्या वहीत 'रेग्युलेटरी अॅसेट' या नावानं उभा राहिला. मराठीत सांगायचं तर ग्राहकांकडून येणं असलेली उधारी. याआधीच्या वर्षांची अशी उधारी होतीच, तीत ही मिळाली. तिच्यावर व्याज चढतं, त्याला 'कॅरिंग कॉस्ट' म्हणतात. २०१३ मध्ये आयोगानं ती सहा वर्षांत वसूल करायची परवानगी दिली आणि 'रेग्युलेटरी अॅसेट चार्ज' बिलात आला. ज्या वाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले ती वाढ त्यांनी व्याजासकट भरली, तीही हप्त्यांनी, आणि बहुतेकांना ती कशाची आहे हे कळलंही नाही.

दरम्यान दुसरीच गंमत झाली. टाटांना उपनगरात छोट्या ग्राहकांनाही वीज विकता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ८ जुलै २००८ ला दिला होता. त्याच्या आधारे १५ ऑक्टोबर २००९ ला, मतदानानंतर दोनच दिवसांनी, आयोगानं कंपनी बदलायची पद्धत घालून दिली. तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची. ज्यांना परवडत होतं आणि कळत होतं ते भराभर गेले. पण जास्त वापराचे, जास्त दर देणारे ग्राहक निघून गेले की छोट्या वापराच्या ग्राहकाची सवलत कोण पेलणार? म्हणून २०११ मध्ये गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार आला. पुढे जुन्या उधारीतला हिस्साही त्यांना सुटला नाही. टाटा पॉवर मोठे ग्राहक निवडून घेते, ही रिलायन्सची तक्रार ऐकून ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगानं ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच टाटांकडे जाऊ देण्याचं बंधन घातलं. प्रकरण अपिलात गेलं. चाळीतला आणि टॉवरमधला ग्राहक एकमेकांच्या बिलात कसे गुंतलेले असतात, हे मला या प्रकरणांच्या कागदांत जितकं स्वच्छ दिसलं तितकं आमच्या सोसायटीच्या कुठल्याही सभेत दिसलं नाही.

मग जून २००९ च्या आधी काय करता आलं असतं? वाढ टळली असती असं मी म्हणत नाही. महाग वीज कुणाकडून, किती दिवसांच्या करारानं, कुठल्या महिन्यांत घेणार, हे खोदून विचारता आलं असतं. एखादा खर्च आदेशाआधीच नामंजूर झाला तर त्याची उधारी होत नाही, व्याजही चढत नाही. स्थगितीनं मात्र फक्त तारीख पुढे जाते.

पण कफ परेडच्या त्या सभागृहात बसलं की दोन बाजूंचं बळ किती असमान आहे ते कळतं. पुढे आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य, एका बाजूला कंपनीचे अधिकारी, सल्लागार, वकील, पडद्यावर इंग्रजी तक्ते. रेल्वे आणि मोठे उद्योग तयारीनं येतात, कारण युनिटमागे काही पैशांचा फरक त्यांच्यासाठी कोटींचा असतो. मग नाव पुकारलं जातं आणि बोरिवलीहून रजा टाकून आलेला माणूस उठतो. त्याच्याकडे मराठी सारांश असतो, मूळ याचिका शेकडो पानांची आणि इंग्रजीत. याचिकेची छाननी तर त्याआधीच्या तांत्रिक बैठकीत झालेली असते. तिथं अधिकृत ग्राहक प्रतिनिधींना बोलावतात, हे चांगलंच आहे, पण ते असतात किती? कॅलिफोर्नियात अशा सुनावणीत ज्यांच्या मांडणीचा निर्णयाला खरोखर उपयोग झाला त्या ग्राहक गटांना त्यांचा खर्च भरून मिळतो, आणि तोही वीज कंपनीकडूनच, म्हणजे अखेर सर्व ग्राहकांच्या दरातून. आपल्याकडे कंपनीच्या वकिलाची फी आपल्या दरात असते. हरकत घेणाऱ्याचं लोकलचं तिकीट मात्र त्याच्या खिशातून.

करोनानंतर सुनावणी पडद्यावरही होऊ लागली. बोरिवलीहून कफ परेडची खेप वाचली, हे निखालस बरं झालं. २०२५ च्या मार्चमध्ये आलेले आदेश २०३० पर्यंतच्या पाच वर्षांसाठीचे आहेत. मधला आढावा येईल तेव्हा पुन्हा तीच बारीक अक्षरांतली सूचना निघेल. अंधेरीसाठी मी वीज खरेदीचा तक्ता आधी उघडणार आहे, मुलुंडसाठी गळतीचा. आणि दोन्हीकडे सरासरी बिलांचा तो जुना प्रश्न, या वेळी वॉर्डवार.